ऐनाच्या खोडावरची माती

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावस्येलाही मी मळ्यातून एकटी घरी येते. वाटेत कोणी भेटलंच तर बिबट्या भेटेल, भूत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कोणाची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. त्यामुळे खाली लिहिलेलं वाचून 'काकू जुन्या वळणाच्या आहेत, चालायचंच' असं मनात म्हणणार असाल तर जरा थांबा. आणि 'वयामुळे होतं असं' म्हणणाऱ्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

मी निफाडच्या अलीकडे राहते. गावाचं नाव देत नाही, कारण आमच्या गावात सगळे मोबाईलवर असलंच वाचत बसलेले असतात. आमची द्राक्षबाग आहे. हे गेल्यापासून ती मीच बघते... छाटणी, फवारणी, मजूर, व्यापारी, सगळं. मुलगा अभिजित नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो, एका कंपनीत आहे. सून केतकी फिजिओथेरपिस्ट आहे. गुणी पोरगी, पण प्रत्येक गोष्टीचं कारण असतंच असं मानणारी. त्या बाबतीत आमचं दोघींचं जमायचं.

तर झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून ड्रिपचा एक व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला आणि खालच्या प्लॉटमध्ये तळं झालं. मग एकदा एकाच प्लॉटला एकच औषध दोनदा मारलं गेलं. विसरले. हो, विसरले! अभिजित स्वतः ऑफिसला निघताना लॅपटॉप घरी विसरतो, त्याला कोणी न्यूरॉलॉजिस्टकडे नेत नाही. पण मी साठी पार केलेली असल्यामुळे घरात कुजबुज सुरू झाली. रविवारी दोघं गावी आलेली असायची, मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की त्यांचं बोलणं थांबायचं. शेवटी अभिजितने सरळ सांगितलं, बाग खंडाने दुसऱ्याला कसायला द्यायची आणि मी फ्लॅटवर राहायला यायचं. गावातले एक बागायतदार तयारही होते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी कागद करायचा असं त्याने परस्पर ठरवलं होतं.

मी नाही म्हटलं. तर म्हणाला, ठीक आहे, आधी डॉक्टरांना दाखवू, ते काय म्हणतात बघू. यात मेख होती. डॉक्टरांनी एकदा विसरभोळेपणाला इंग्रजी नाव लावलं की माझ्या 'नाही'ला काडीची किंमत राहणार नव्हती. सातबाऱ्यावर माझं नाव असून काय उपयोग, माणूसच खुळं ठरलं तर त्याच्या सहीला कोण विचारतो?

डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळायला वेळ होता आणि मी चार दिवस फ्लॅटवर राहायला आले होते. तोवर केतकीने तिचं एक काढलं... वेलनेस वॉक. शहरातली माणसं गाड्या काढून जंगलात जातात आणि तिथे गटाने, न बोलता, हळूहळू चालतात. त्याने मन शांत होतं, झोप लागते, स्मरणशक्तीलाही चांगलं असतं म्हणे. चालायला म्हणून माणसं गाडीत बसून लांब जातात हे मला नवीनच होतं. मी रोज बागेत ओळीओळीने फिरते, त्याला आजवर कोणी काही नाव दिलं नव्हतं. पण केतकीने प्रेमाने विचारलं, आणि मला घरात बसून पोराचं तोंड बघायचं नव्हतं. म्हटलं चल.

गणपती नुकतेच गेले होते. सकाळी लवकर निघालो. त्र्यंबक रोडने जाऊन पुढे घोटीच्या रस्त्याला वळलो, पहिन्याच्या बाजूला. भात पोटरीला आलेलं, बांधांवर तेरडा फुललेला, डोंगराच्या माथ्यावर ढग टेकलेले. रस्त्यापासून थोडं आत, एका पाड्याच्या मागे जंगल सुरू होतं. आमच्यासारखी आणखी दहा-बारा माणसं आली होती. वॉक घेणारी सायली म्हणून एक मुलगी होती, तिशीची असेल. आवाज इतका मऊ की ऐकायला दोन पावलं पुढे जावं लागायचं. आणि वाट दाखवायला पाड्यावरचे काळूदादा. ते पुढे चालायचे आणि आम्ही फारच हळू चालायला लागलो की थांबून बिडी ओढायचे.

फोन बॅगेत टाकायला लावले. बोलायचं नाही. पाय टेकतो कसा, वारा लागतो कसा, ते बघत चालायचं. वरातीत चालतात तितक्या हळू आम्ही त्या पायवाटेने निघालो. माझ्या पुढचे एक गृहस्थ प्रत्येक पानापाशी थांबून उसासा सोडत होते. पण खोटं कशाला बोलू, थोड्या वेळाने बरं वाटायला लागलं. कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे कोणी निरखून बघत नव्हतं. केतकीसुद्धा झाडांकडे बघत होती.

वाट संपली तिथे जरा सपाट, मोकळी जागा होती. सायलीने तिथे एक खेळ सांगितला. त्याला ती 'झाडाची ओळख' म्हणाली. जोड्या करायच्या. एकाने डोळे बांधायचे, दुसऱ्याने त्याला फिरवत फिरवत एका झाडापाशी न्यायचं. डोळे बांधलेल्याने झाड हाताने बघायचं. साल, फांद्या, मुळं, वास, सगळं. मग परत आणायचं, डोळे सोडायचे, आणि आता आपलं झाड शोधून काढायचं. तिने एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली, झाडाला फक्त अनुभवायचं, काही करायचं नाही.

केतकीने माझे डोळे तिच्या ओढणीने बांधले आणि हाताला धरून मला घेऊन गेली. गवतातून, मग दगडांवरून, मग एक छोटा चढ. थांबली. माझे दोन्ही हात पुढे करून खोडावर ठेवले आणि स्वतः बाजूला झाली.

आता थोडं माझ्या हातांबद्दल सांगावं लागेल. द्राक्षात गर्डलिंग म्हणून एक काम असतं. मण्यांची फुगवण व्हावी म्हणून वेलीच्या खोडावरून सालीचं बारीक कडं काढायचं, बांगडीसारखं, गोल. फार बारीक. तेवढं काढलं की वर बनलेलं अन्न खाली मुळाशी उतरत नाही, घडांत जातं, आणि काही आठवड्यांत साल पुन्हा जुळते. पण तेच कडं जर रुंद काढलं तर साल जुळतच नाही आणि वेल उभीच्या उभी वाळते. मोठ्या झाडालाही तेच. न तोडता झाड मारायचं असेल तर खोडाची साल रुंद पट्ट्यात चारी बाजूंनी सोलतात. हे काम मी लग्न होऊन आल्यापासून करते आहे. साल कुठे तुटली, किती खोल तुटली, कधी तुटली, हे माझी बोटं डोळ्यांच्या आधी सांगतात.

ते झाड खडबडीत होतं. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची साल. मी खालून वर हात नेत होते. आणि कमरेच्या थोडं वर... साल संपली. एकदम. कडा धारदार, ताजी. तिच्या वर चार बोटं रुंद गुळगुळीत लाकूड, ओलं, चिकट, गार. मी हात आडवा फिरवला. पट्टा चालूच. खोडाला मिठी मारून मागच्या बाजूला बोटं नेली. तिथेही तेच. पूर्ण गोल सोललेलं. बोटांना चीक लागत होता आणि कच्च्या लाकडाचा तुरट वास नाकात जात होता.

हे झाड कोणीतरी मारायला घातलं होतं आणि फार वेळ झाला नव्हता.

बागेत खोडाला मोठा घाव बसला की तो उघडा ठेवत नाहीत. मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. पेस्ट हाताशी नसेल तर ओली माती थापतात, निदान ऊन आणि किडा तरी लागू नये म्हणून. एवढा रुंद पट्टा मातीने वाचत नाही हे मलाही कळतं. पण घाव दिसला की हात थांबत नाही, त्याला काय करणार? मी खाली बसले, चाचपून माती उकरली, खांद्याला अडकवलेल्या बाटलीतलं पाणी ओतून कालवली आणि त्या पट्ट्यावर गोल थापत गेले. सायलीचं 'काही करायचं नाही' डोक्यातून पार निघून गेलं होतं. केतकी हळूच 'आई... आई' म्हणत होती. मी थांबले नाही. पट्टा सगळा झाकला तेव्हाच हात झटकले.

केतकीने मला परत आणलं, ओढणी सोडली. मला झाड शोधावं लागलंच नाही. खोडाला मातीचा पट्टा असलेलं सगळ्या जंगलात एकच झाड होतं. मी तरातरा गेले आणि काळूदादांना हाक मारून म्हटलं, हे बघा कोणी केलंय, फॉरेस्टवाल्यांना सांगा.

ते आले, त्यांनी झाड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "काय केलंय, मावशी? आईन हे. चांगलाय की." ऐनाला तिकडे आईन म्हणतात.

मी मातीचा एक पोपडा उचकटला. खाली साल होती. खवल्यांची, कोरडी, जुनी, शेवाळ धरलेली साल. दुसरीकडे उचकटला. तिथेही साल. केतकीने तिच्या बाटलीतलं सगळं पाणी ओतून, हाताने चोळून तो अख्खा पट्टा धुऊन काढला, खवल्यांच्या फटीतलीसुद्धा माती काढली. खोड चारी बाजूंनी अखंड होतं. मी भोवती फिरून बघितलं, नखाने खरवडून बघितलं. एक ओरखडासुद्धा नाही.

आता, वेगळं झाड असेल असं म्हणायची सोय नाही. धुण्याआधी त्या मातीवर माझ्याच बोटांचे ठसे होते. काळूदादांना विचारलं, इकडे झाडाची साल काढतात का कोणी. ते म्हणाले, इथं कोणी साल काढत बसत नाय, ज्याला पाहिजे तो सरळ तोडून नेतो. बोटांचा चीक दाखवावा म्हटलं, तर तो चिखलात मिसळलेला. माझा पुरावा मीच माझ्या हाताने मातीत घातला होता.

केतकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे ना आई. होतं असं कधीकधी."

त्या 'होतं असं'ने माझं डोकं फिरलं. तिच्या डोळ्यांत मला ती अपॉइंटमेंट दिसत होती. मी म्हटलं, "नाय होत असं. माझ्या हाताला साल सोललेली लागली, म्हणजे सोललेली होती. आता नाय, ते मलाही दिसतंय. पण होती."

मग पाळी बदलायची होती. केतकी म्हणाली, राहू दे आई, बसू या. मी म्हटलं, का राहू दे? बांध डोळे. ओढणी तिच्या डोळ्यांवर मीच आवळली. तिचा हात धरून तिला मोकळ्या जागेभोवती फिरवलं, ओढ्याकडे नेलं, परत आणलं, दिशा कळणार नाही असं वळवलं आणि नेऊन त्याच ऐनापाशी उभं केलं. हट्ट म्हणा. मला काय वाटत होतं ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित एवढंच, की हिच्या हाताला अख्खी साल लागू दे, आणि मग मी गप्प बसेन.

तिने दोन्ही हात खोडावर ठेवले. तिचे हात शिकलेले आहेत, रोज माणसांचे आखडलेले खांदे-पाठी चाचपतात. सावकाश वर जात होते. कमरेच्या थोडं वर ते थांबले.

मग तिने हात असे मागे घेतले, की तापल्या तव्याला लागले असावेत. ओढणी स्वतःच खेचून काढली. समोर बघितलं. झाड जसंच्या तसं होतं, मघाच्या पाण्याने ओलं, अखंड. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली, मग अंगठ्याने बोटं चोळली आणि कुर्त्याला पुसली.

मी विचारलं, काय लागलं?

"काही नाही," म्हणाली. "मुंगी होती."

शेवटी सगळ्यांना गोल बसवून आपापल्या झाडाबद्दल बोलायला सांगितलं. ते उसासे सोडणारे गृहस्थ त्यांच्या झाडाला बाबा म्हणाले आणि रडले. माझी पाळी आली तेव्हा मी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. लपवू कशाला? सगळे फार मायेने हसले. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात ना, तसं. सायली तिच्या मऊ आवाजात म्हणाली, काकू, ते जखमी झाड म्हणजे कदाचित तुम्हीच असाल. मी म्हटलं, बाई, मी झाड नाही, मी बागायतदार आहे. केतकीची पाळी आली तेव्हा ती खाली बघून एवढंच म्हणाली, की तिचं झाड खूप शांत होतं.

येताना गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. सायलीने सांगितलं होतं की वॉकमधली शांतता घरापर्यंत न्या. आम्ही नेली, पण ती शांतता कसली होती ते आमचं आम्हाला ठाऊक. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर रागाखाली भीतीही होती. स्वतःच्या बोटांवर विश्वास नाही राहिला तर माझ्याकडे उरतं काय?

त्याच संध्याकाळी सायलीने वॉकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. त्यात मी होते... डोळ्यांना ओढणी, कोपरापर्यंत चिखल, एका धडधाकट झाडाला माती थापणारी. खाली लिहिलेलं, 'मातीशी नातं'. तो अभिजितने केतकीच्या फोनवर बघितला. जेवताना वाढण्यापुरतं बोलला. त्यावरूनच कळलं की केतकीकडून त्याने माझी हकिकत काढून घेतलीय आणि फोटो जपून ठेवलाय.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. माणूस चांगला होता, माझ्याशी माझ्याकडे बघून बोलला. घड्याळ काढायला लावलं, काढलं. उलटे आकडे म्हणायला लावले, म्हटले. काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला एक विसरले, बाकीचे सांगितले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. मी पदर सावरून उठायच्याच बेतात होते.

तेव्हा अभिजितने फोन काढून तो फोटो त्यांच्या पुढे धरला. म्हणाला, सर, हे बघा. नसलेली जखम आईच्या हाताला लागते, आणि नंतर झाड दाखवलं तरी ती म्हणते होतीच. बाग एकटी सांभाळते, विषारी औषधं हाताळते, उद्या काही झालं तर? पोरगा वाईट नाही माझा. त्याला खरंच काळजी होती, म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड.

डॉक्टरांनी फोटो बघितला आणि मला विचारलं की नेमकं काय झालं.

तेव्हा मला सुटायला वाट होती, बरं का. 'अहो, गंमत केली, खेळ होता तो' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. डॉक्टर हसले असते, अभिजितचा फोन खिशात गेला असता, बाग वाचली असती. शब्द ओठावर आले होते. पण नाही म्हणवलं. बाग वाचवायला हात खोटे पाडायचे, आणि उद्या त्याच हातांनी छाटणी कशी करायची?

म्हटलं, "साल सोललेली होती. चार बोटं रुंद, गोल, ताजी. डोळे उघडल्यावर नव्हती. दोन्ही खरं हे. कसं, ते मला माहीत नाय."

अभिजितने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पेन उचललं आणि केतकीला विचारलं, तुम्ही सोबत होतात ना, तुम्हाला काय दिसलं?

केतकीने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "सर, आईंच्या कागदावर हे लिहिणार असाल तर माझाही एक केसपेपर काढा."

अभिजित तिच्याकडे बघतच राहिला. ती त्याच्याकडे न बघता, खालच्या आवाजात, पण न अडखळता बोलत गेली. "त्यांच्यानंतर माझे डोळे बांधले होते. मला माती लागली. खोडाभोवती गोल थापलेली, ओली, गार. त्यावर बोटांच्या खुणा लागत होत्या. एका जागी माती दबली आणि माझं बोट आत गेलं. तिथे साल नव्हती. आणि सर, ती माती त्याच्या आधी मी माझ्या हातांनी धुऊन काढली होती."

मला हे पहिल्यांदा कळत होतं. तुम्हाला जसा आत्ता काटा आला असेल, तसा मला आला नाही. मला रडू आलं. एवढे दिवस पोटात दाबून ठेवलेलं सगळं त्या डॉक्टरांच्या खोलीत बाहेर पडलं.

अभिजित म्हणाला, केतकी, तू आईला वाचवायला म्हणतेस हे. ती म्हणाली, नाही, वाचवायचं असतं तर त्याच दिवशी बोलले असते. मी घाबरले होते. अपॉइंटमेंट मीच घेतली होती अभि. मी 'हो, मलाही लागलं' म्हटलं असतं तर मग अपॉइंटमेंट नेमकी कोणासाठी होती?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मी मेंदूचा डॉक्टर आहे, झाडांचा नाही. मला यांच्यात आज काही सापडलेलं नाही, वर्षाने पुन्हा दाखवा. आणि कागदावर तेवढंच लिहिलं.

पार्किंगमध्ये मायलेकरांचं आणि नवरा-बायकोचं, दोन्ही भांडणं एकाच वेळी झाली. त्याबद्दल लिहीत नाही, घरचं आहे. खंडाचा कागद मात्र झाला नाही. अभिजितने त्या बागायतदारांना काय कारण सांगितलं कोण जाणे. माझ्याशी तो अजून जरा सांभाळून बोलतो आणि ड्रिपच्या व्हॉल्व्हला त्याने टायमर बसवून दिलाय. टायमर चांगलाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता तुमचे प्रश्न. मी माती पुन्हा लावली असेल, असं म्हणणारे निघतील. केतकीला फिरवत होते तेव्हा माझा एक हात तिच्या हातात होता आणि दुसरा तिच्या खांद्यावर. आणि समजा लावली, तर तिने ओढणी काढली त्या क्षणी ती धुतली कोणी? काही म्हणतील, माझ्या बोलण्याचा तिच्या मनावर परिणाम झाला. असेल. पण मी जखमेबद्दल बोलले होते. माती गेलेली आहे, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं, कारण ती तिनेच काढली होती. मनावर परिणाम झाला असता तर तिला नुसती जखम लागायला हवी होती, वरची माती नव्हे. आमच्या गावातल्या एक जाणत्या बाई म्हणाल्या, त्या झाडात काहीतरी आहे, नारळ फोडून या. मी फोडलेला नाही, फोडणारही नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याला नारळ कसला द्यायचा?

आम्ही दोघी एकदा परत जाऊन आलो. ग्रुपबरोबर नाही, आमच्या आमच्याच. छाटणी उरकली होती, भात कापायला आलं होतं. काळूदादा भेटले, त्यांनी चहा पाजला. झाड तिथेच होतं, उभं, हिरवं. आजूबाजूच्या कुठल्याही झाडाची साल कोणी काढलेली नव्हती. मी डोळे मिटून हात फिरवला, खालपासून वरपर्यंत. खवले, शेवाळ, मुंग्या. बाकी काही नाही. केतकीला म्हटलं, तू बघ. ती लांब उभी राहिली आणि मान हलवून नाही म्हणाली. मी आग्रह केला नाही.

इथे लिहायचं तिनेच सुचवलं. खातं तिने उघडून दिलं, टाईप मात्र मी केलंय, अभिजितला न विचारता. कोणाला यातलं काही कळत असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने वाचेन. फक्त भास झाला एवढंच लिहू नका. ते आम्ही एकमेकींना हजारदा म्हणून पाहिलंय, आणि दरवेळी दोघींनी आपापल्या बोटांकडे बघितलंय.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. बाग माझ्याकडे आहे.